वाचनालयाच्या कपाटातला पासपोर्ट

गुलाब फिटरला मी किती ओळखत होतो, असं कोणी विचारलं तर मला फारसं सांगता येणार नाही. वर्ध्याजवळच्या सेलूत आम्ही दोघं तीस वर्षं राहिलो, पण बोलणं झालं ते त्याच्या शेवटच्या सव्वा वर्षात. त्याचं आडनाव मला कळलं ते तो वाचनालयाचा सभासद झाला तेव्हा, अर्जावरून. त्याचे वडील काय करत, त्याला भाऊ किती, तो देवाला जायचा की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये तो परदेशात तापाने गेला. त्यानंतर त्याच्या बायकोने, मंदाबाईंनी, मला सांगितलं की मागे त्याच्यावर लिहिलं होतं तसं पुन्हा लिहा, पण या वेळी नीट लिहा, देशांची नावं घाला.

मी लेखक नाही. सरकारी कचेरीत कारकून होतो, निवृत्तीनंतर वाचनालय सांभाळतो. पण पहिल्या वेळी मी लिहिलेल्या चार पानांनी एका घरात काय झालं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

गुलाब जिनिंगमधला फिटर होता. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं बसवणं, चालू करून देणं, त्यांचे चामड्याचे रोलर आणि सुऱ्या जुळवणं हे त्याचं काम. सुरी आणि रोलर यांच्यात किती फट हवी हे तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ठरवायचा. यंत्र चालू करायचं, पाठ करून उभं राहायचं आणि ऐकायचं. पहिली पंधरा-वीस वर्षं तो आपल्याच जिल्ह्यातल्या जिनिंगांमध्ये फिरला. मग ही यंत्रं आफ्रिकेत विकली जाऊ लागली आणि त्यांच्यासोबत बसवणारा माणूसही जाऊ लागला. दोन हजार नऊपासून गुलाब वर्षातले सात-आठ महिने बाहेर असायचा.

आमच्याकडे समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाचा पत्ता एकच असतो, दुबई. गुलाबही दुबईलाच होता. सगळं सेलू तसंच म्हणायचं आणि मंदाबाईही तसंच म्हणायच्या. विमान दुबईला बदलायचं, तिथून तो घरी फोन करायचा की पोचलो. त्यापुढचं विमान कुठे जायचं हे त्याने घरी कधी सांगितलं नाही. कापूस जिथे पिकतो त्यातल्या बऱ्याच देशांत लढाई चालू असते, हा काही त्याचा दोष नव्हता. काम तिथे होतं.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात तो कायमचा परत आला म्हणून गावात बोलणं झालं. दुबईचं काम संपलं, असं कळलं. जूनमध्ये एका सकाळी तो वाचनालयात आला, अर्ज भरला आणि विचारलं की लढाईच्या देशांत फिरून आलेल्या लोकांची पुस्तकं आहेत का. प्रवासवर्णनाचं एक लोखंडी कपाट आहे आमच्याकडे. त्यातली तशी सहा-सात पुस्तकं मी काढून दिली. दोन दिवसांनी तो सगळी घेऊन आला.

"बाबूजी, हा मानूस तिथं आठ दिवस राह्यला अन् तीनशे पानं लिहिली," तो म्हणाला. "मी आठ महिने राह्यलो तं माह्यं एक पान भरत नाई."

मी म्हटलं, कुठे राहिलास, दुबईत? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं की हा पंखा कधीपासून वाजतो. उत्तराची वाट न पाहता त्याने स्टूल ओढलं. पंखा उतरवून, पुसून, तेल देऊन पुन्हा चढवेपर्यंत तासभर गेला, आणि त्या तासात, माझ्याकडे न पाहता, त्याने मला सांगितलं की तो चौदा वर्षांत दुबईच्या विमानतळाबाहेर एकदाही पडलेला नाही.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. वाचायला बसायचा, पण दहा मिनिटांच्या वर बसवत नसे. उठून दाराची कडी पाहायचा, पिण्याच्या पाण्याची तोटी पाहायचा, मग रस्त्यापर्यंत जाऊन यायचा. चालता चालता काहीतरी सांगायचा. घरीही असंच असावं, कारण एकदा बाजारात मंदाबाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "घरचं सगळं दुरुस्त करून झालं बाबूजी. मिक्सर झाला, कूलर झाला, शेजारच्याची मोटर झाली. आता तो माह्याकडं पाहून राह्यला."

त्याच्याजवळ एक लहान वही होती. मी मागितली तर दिली. मला वाटलं होतं तसं त्यात काही नव्हतं. एका ओळीत गाव, पाणी कुठलं, किती रोलर बदलले. 'रबक. पाणी खारट. टँकर सकाळी. रोलर ८.' 'चौकी दोन. पोरं बंदुकीवाली. सिगारेट मागतात, ठेवावी.' स्वतः तो विडीसुद्धा ओढत नसे. सगळी वही अशी. भीती हा शब्द एकदाही नाही. मी ती दोनदा वाचली आणि मला वाटलं, याला लिहिता येत नाही, ते काम आपण करावं. आता ते आठवलं की मला माझी लाज वाटते, पण तेव्हा तसं वाटलं होतं खरं.

वाचनालयाला पन्नास वर्षं होणार होती. जानेवारीत कार्यक्रम आणि स्मरणिका ठरली होती. गावातल्या माणसाने लढाईचा देश पाहिला, हे त्यात यावं असं मला वाटलं. गुलाब आधी नको म्हणाला. मग एके दिवशी नळाचा वॉशर बदलता बदलता म्हणाला, "लिहा. पन देशाचं नाव नोको अन् माह्यं बी नोको. घरी दुबई माहीत हाये."

मी कबूल केलं. म्हणजे घरी काय माहीत आहे आणि काय नाही हे कळूनही मी कबूल केलं.

त्याने मला सांगितलं ते असं. एप्रिल तेवीसमध्ये तो सुदानमध्ये होता, खार्तूमच्या एका गोदामात सुटे भाग सोडवायला गेलेला. तिथेच लढाई सुरू झाली आणि रस्ते बंद झाले. गोदामात सहा माणसं आणि कापसाच्या दाबलेल्या गाठी होत्या. त्यांनी गाठी रचून चारी बाजूंनी भिंत केली आणि आत राहिले, आठ-नऊ दिवस. दाबलेली गाठ दगडासारखी असते. "गोळी गाठीत घुसते अन् तिथंच राह्यते," तो म्हणाला. "मले गोळीचं भेव नोतं. मले काडीचं भेव होतं. गाठ आतून पेटली तं चार दिवस धुमसते अन् कोनाले दिसत नाई." म्हणून पहिल्याच दिवशी त्याने पाचही जणांच्या सिगारेटी, माचिशी, लायटर काढून घेतले आणि पाण्याच्या डब्यात टाकले. एक रखवालदार त्यामुळे त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. गाठींमधल्या फटीत नाक घालून तो दर तासाला वास घेत फिरायचा. मग बसने बंदरावर, जहाजाने पलीकडे आणि तिथून विमानाने घरी.

मी चार पानं लिहिली. माचिशी गाळल्या. नाक घालून वास घेणारा माणूस मला वाचकांसमोर बरा वाटला नाही. त्याऐवजी गोळ्या घातल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. देशाचं नाव घातलं नाही, गुलाबचं घातलं नाही, शब्द पाळला. आणि एक वाक्य लिहिलं जे मला फार आवडलं होतं. ते असं होतं: 'अक्षय तृतीयेची दुपार होती, बाहेर गोळ्या सुटत होत्या आणि कापसाच्या पांढऱ्या गाठींना पाठ लावून तो घरच्यांशी फोनवर बोलत होता.' हेही गुलाबनेच सांगितलं होतं, जाता जाता. घरच्यांशी काय बोलत होता हे मी विचारलं नव्हतं.

कार्यक्रमात लेख वाचायला अंकिता उभी राहिली. वर्ध्याला कॉलेजात जाते, तिचा आवाज चांगला आहे. माईक गुरगुरत होता, तो गुलाबने वाचनाआधी ठीक केला आणि तो मागे स्पीकरपाशी जाऊन उभा राहिला. मंदाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. शेजारी त्यांची मुलगी रक्षा, नुकतंच लग्न झालेली, संक्रांतीला माहेरी आलेली. सगळं स्वच्छ ऐकू जात होतं. अंकिताने ते वाक्य वाचलं तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. मंदाबाई मागे वळल्या आणि स्पीकरपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. उरलेला लेख संपेपर्यंत त्यांनी मान सरळ केली नाही.

मला त्या संध्याकाळी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या. रक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अक्षय तृतीयेला झालं होतं, कारंजा घाडग्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर. गुलाबला येता आलं नव्हतं म्हणून तो फोनवर हजर होता, चेहरा दाखवून. मंदाबाईंनी तेव्हा विचारलं होतं की मागे पांढरं काय आहे. कंपनीची भिंत, तो म्हणाला. आणि आवाज कसला? तर म्हणाला, कालच ईद झाली, पोरं फटाके फोडून राह्यले. पाहुणे हसले होते. नवरदेवाच्या बापाने म्हटलं होतं, आमच्या मुलाच्या साक्षगंधाला दुबईत फटाके.

"मी तवा त्याले फोन फटाक्याईकडं धर म्हटलं होतं, सगळ्याईले ऐकू दे," त्या म्हणाल्या. "मी ते फटाके आयकले, बाबूजी. हसून आयकले."

रात्री रक्षाने पासपोर्टमधले शिक्के वाचून दाखवले होते. एकामागून एक देश. दुबईचा एकही नाही. मंदाबाईंनी पिशवीतून पासपोर्ट काढला आणि माझ्यासमोर ठेवला. पुन्हा बाहेरचं काम आलं होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मोझांबिक नावाचा देश, तिथल्या उत्तरेच्या भागात नवी जिनिंग बसवायची, मार्चमध्ये निघायचं. कंपनीला फेब्रुवारी संपायच्या आत पासपोर्ट हवा होता, नाहीतर दुसरा फिटर जाणार होता.

मी म्हटलं, हा घरातच ठेवा, मी परका माणूस.

"तुमी लिहिलं, तं तुमीच ठेवा. माह्याजवळ राह्यला तं एखाद्या दिवशी मीच देऊन टाकीन. त्याची तळमळ पाह्यल्या जात नाई."

मी तो घेतला. घरी ठेवायचा धीर झाला नाही. वाचनालयात नेला आणि प्रवासवर्णनाच्या कपाटात, वरच्या फळीवर, पुस्तकांच्या मागे ठेवला. कुलूप लावलं. किल्ली खिशात घेऊन फिरू लागलो आणि मला चैन पडेना. मोझांबिकबद्दल वाचायला काही मिळतं का ते शोधलं. वर्तमानपत्रात दोन-चार बातम्या सापडल्या, उत्तरेकडे हत्यारबंद टोळ्या गावं जाळतात अशा. वाचल्यावर वाटलं, नाहीच द्यायचा. आणि संध्याकाळी गुलाब रस्त्याने जाताना दिसला की वाटायचं, दुसऱ्याचा पासपोर्ट कुलपात ठेवणारा मी कोण?

तो महिनाभर आला नाही. मला राग येईल असं काही तो बोलला नाही, माझ्यावर रागावला असंही कोणी सांगितलं नाही. सेलूतल्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या फाटकाशी तो सकाळी उभा असतो, असं ऐकलं. पुढे ऐकलं की चालत वर्ध्याच्या दिशेने जातो आणि बसने परत येतो. मंदाबाई म्हणाल्या की घरी बोलणं आहे, पण मीठ लागलं का, इतकंच.

फेब्रुवारीच्या अखेरीस कपाटाच्या कुलपात किल्ली मोडली. माझ्याच हातून मोडली, कारण दिवसातून चार वेळा मी ते उघडून पाहत होतो. सेलूत कुलपाचं काम करणारे आहेत, पण मला दुसरं कोणी सुचलं नाही, किंवा सुचवून घेतलं नाही. मी गुलाबला निरोप पाठवला.

तो त्याची हत्यारांची चामडी पिशवी घेऊन आला. कपाटाशी उकिडवा बसला, कुलपाला कान लावून पातळ पत्र्याने आत चाचपडलं. दोन मिनिटांत तुकडा बाहेर आला आणि दार उघडलं. वरच्या फळीवरची पुस्तकं मी रोज हलवून हलवून विस्कटली होती. मधल्या फटीतून पासपोर्टची निळी कड दिसत होती. गुलाबच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. त्याने ती पाहिली. मी पाहत होतो, त्याने पाहिली. महिना संपायला दोन दिवस होते.

त्याने पिशवीतून तेलाची कुपी काढली, कुलपात दोन थेंब सोडले, दार लावलं, माझ्याकडची जोडीची दुसरी किल्ली मागून फिरवून पाहिली आणि ती माझ्या हातात दिली.

"सुकलं होतं," तो म्हणाला. "अवंदा तेलाचा हात नाई लागला त्याले कोनाचा."

मी वाचनालय अर्ध्या वेळेतच बंद केलं आणि मंदाबाईंकडे गेलो. त्या अंगणात तूरडाळ निवडत होत्या. मी झालेलं सांगितलं, जसंच्या तसं, काही न घालता. त्यांनी विचारलं की त्याला दिसला का नक्की. मी म्हटलं, दिसला. आणि घेतला नाही? मी म्हटलं, नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, तशाच निवडत राहिल्या, पण त्या चांगली डाळही खड्यांबरोबर बाजूला टाकत होत्या. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं वाचनालयात आली. मंदाबाई पुढे, गुलाब मागे. त्यांनी माझ्याकडे जगाचा नकाशा मागितला. आमचा नकाशासंग्रह इतका जुना आहे की त्यात मोडून गेलेले देश अजून एकत्र आहेत. मी त्यातलं भारत आणि आफ्रिका एकत्र असलेलं मोठं पान टेबलावर उघडलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं की साक्षगंधाच्या दिवशी कुठे होता. त्याने बोट ठेवलं. आणि आता कुठे जायचं आहे? त्याने बोट खाली सरकवलं, बरंच खाली, समुद्राच्या काठापर्यंत. मंदाबाईंनी नागपूर शोधून द्यायला सांगितलं आणि तिथून त्या जागेपर्यंत वीत टाकली. दीड वीत भरली.

मग त्यांनी दुबई कुठे आहे विचारलं. गुलाबने दाखवली. नागपूरपासून तिथवर त्यांची एक वीतही भरत नव्हती.

"द्या त्याले, बाबूजी," त्या म्हणाल्या.

मी कपाट उघडलं, पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. गुलाबने हात पुढे केला नाही. मंदाबाईंनीच तो उचलून त्याच्या खिशात घातला आणि त्याच्याकडे पाहून बोलल्या. माझ्यासमोर त्या त्याच्याशी इतकंच बोलल्या.

"आता फटाके म्हनू नोको."

तो मार्चमध्ये गेला. दर रविवारी फोन करायचा आणि खरं सांगायचा, हे मला मंदाबाईंकडून कळायचं. भाजीच्या दुकानाशी भेटल्या की पावसाची बातमी सांगावी तसं सांगायच्या, तिकडे एक गाव जाळलं, याच्यापासून तीस कोसांवर. रस्त्यावर सैन्याच्या गाड्या आहेत. सरकी ठेवायला जागा नाही. मी एकदा न राहवून विचारलं की आता बरं वाटतं का. त्या म्हणाल्या, "दुबईत होता तवा झोप लागे."

तरी त्यांनी त्याला परत खोटं बोलायला सांगितलं नाही. रक्षाने वडिलांना सुचवलं होतं म्हणे, आईला जपून सांगत जा म्हणून. मंदाबाईंनी तिला गप्प केलं.

ऑगस्टमध्ये त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी तिथल्या दवाखान्यात तो गेला. गोळी नाही, आग नाही, डासाचा ताप. अकराव्या दिवशी नागपूरला पेटी आली. सोबतच्या कागदावर देशाचं नाव होतं आणि ते मंदाबाईंनी रक्षाकडून मोठ्याने वाचून घेतलं, सगळ्यांदेखत. त्यांच्या सांगण्यावरून मी इथे लिहितो की गुलाब सुदान आणि मोझांबिक आणि शिक्क्यांप्रमाणे आणखी पाच देशांत होता, दुबईत नव्हता. माचिशी पाण्यात टाकल्या होत्या, हेही पहिल्या वेळी राहिलं होतं.

माझ्याशी तो शेवटचं बोलला ते जूनमध्ये. वाचनालयाच्या वेळेत माझा फोन वाजला. मागे यंत्रं चालू होती, तो थांबा म्हणाला आणि चालत चालत आवाजापासून लांब गेला. मला वाटलं काहीतरी सांगायचं असेल.

"पंखा वाजून राह्यला का, बाबूजी?"

मी म्हटलं, वाजतो आहे, महिना झाला. फोन वर धरा, तो म्हणाला. मी हात उंच करून फोन पंख्याकडे धरला. हात दुखेपर्यंत धरला. मग कानाला लावला तर तो अजून ऐकतच होता.

"बेअरिंग नाई. वरची वाटी ढिली हाये. एक स्क्रू आवळला का झालं."

"मी काही चढत नाही आता स्टुलावर."

"तुमी नोकाच चढू. कोनाले बी सांगजा. पयले बटन बंद करा म्हना."

"बरं."

"ठेवतो मंग."

"ठेव."